अंड्याचा वास आला म्हणून मीड ओतून देऊ नका

सगळ्यात आधी, ते मीड, म्हणजे मध-पाणी यीस्टने आंबवून (फर्मेंट करून) केलेली दारू, सिंकमध्ये ओतू नका. तुम्ही लिहिलंय की डॅलसच्या अपार्टमेंटमध्ये पहिल्यांदाच मीड लावलंय, एक गॅलनला चार पौंड मध घेतला, मध-पाणी वीस मिनिटं उकळलं, त्यात एका लिंबाचा रस आणि पंचवीस मनुका टाकल्या, डी-४७ यीस्टचं पाकीट वरून कोरडंच भुरभुरलं, आणि आज नववा दिवस, बुडबुडे मंदावलेत, घरभर सडक्या अंड्याचा वास सुटलाय आणि मिस्टर म्हणतायत फेकून दे. मिस्टरांना सांगा जरा थांबा. मी इथे न्यू जर्सीत दहा-बारा वर्षं मीड करतोय आणि माझ्या पहिल्या तिन्ही घाण्यांना हाच वास आला होता, त्यातला पहिला मी खरंच ओतून दिला, दुसरा आळशीपणामुळे कपाटात राहिला आणि आठ महिन्यांनी उघडला तर वासाचा मागमूस नाही, उलट बरा लागला. तेव्हापासून काहीच ओतत नाही.

आता वास का येतो ते सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप कळतं. मधात साधारण ८० टक्के साखर आणि १७-१८ टक्के पाणी, उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत जे काय असेल ते. द्राक्षाच्या रसात यीस्टला लागणारा नायट्रोजन असतो, बिअरच्या माल्टमध्ये तर भरपूर असतो, मधात जवळजवळ नसतोच. म्हणजे तुम्ही यीस्टला नुसत्या पेढ्यांवर ठेवलंय, डाळ-भात काही नाही. यीस्टला वाढायला प्रथिनं बनवावी लागतात, त्यासाठी ते सल्फेटपासून सल्फाइड तयार करतं, आणि जोडीला नायट्रोजन नसला की ते सल्फाइड वापरलं जात नाही, हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतं. तोच तुमचा अंड्याचा वास. मीड सडलेलं नाहीये, यीस्ट उपाशी आहे.

आणि मनुका. हा सल्ला कुठून येतो मला माहितीये, जुन्या रेसिपींमध्ये हमखास असतो, "यीस्टच्या खाण्यासाठी मनुका". पंचवीस मनुकांनी एक गॅलन मस्टमधल्या (मध-पाण्याला मस्टच म्हणतात) यीस्टचं दाताला लागेल एवढंही होत नाही. पुरेसं पोषण मनुकांतून द्यायचं तर इतक्या टाकाव्या लागतील की मीड न होता मनुकांची वाइन होईल. चवीला टाका, खुशाल टाका, पण जेवण म्हणून नको.

लिंबू ही दुसरी चूक, आणि ती सगळेच करतात कारण आपल्याला वाटतं गोड आहे तर आंबट हवंच. मधात स्वतःचं ग्लुकॉनिक आम्ल असतं पण आम्लता सांभाळून धरणारे क्षार फारसे नसतात, त्यामुळे फर्मेंटेशन सुरू झालं की पीएच धाडकन खाली येतो, ३ च्या खाली गेला की यीस्ट हात टेकतं. त्यात तुम्ही आधीच लिंबू पिळलंत. आंबटपणा नेहमी शेवटी, चव घेऊन घालायचा, भाजी शिजायच्या आधी चिंच घातली की बटाटा दडदडीत राहतो ना, तसंच समजा.

बाकी दोन गोष्टी. चार पौंड मध एका गॅलनला म्हणजे सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याचा आकडा १.००० धरून मोजलेली घनता) १.१४० च्या आसपास, एवढी सगळी साखर फर्मेंट झाली तर अल्कोहोल १८ टक्क्यांवर जाईल, आणि डी-४७ ची सहनशक्ती आहे १४. म्हणजे सगळं अगदी नीट झालं असतं तरी ते १.०३३ च्या आसपास थांबणार आणि तुम्हाला पाकासारखं गोड मीड मिळणार. पोलंडमध्ये अशी गोड जड मीड मुद्दाम करतात, त्यांचं पूत्तोराक म्हणजे दोन भाग मधाला एक भाग पाणी, पण ते वर्षानुवर्षं मुरवतात आणि ते पहिल्या घाण्याचं काम नव्हे. आणि दुसरं, डी-४७ ला थंडावा लागतो, २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते फ्युझेल अल्कोहोल सोडतं, घशाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखं जळतं ते. डॅलसमध्ये उन्हाळ्यात एसी २५-२६ वर असणार, आणि आतलं मीड स्वतःच्या उष्णतेने अजून एक-दोन अंश वर.

ठीक आहे, झालं ते झालं. आज काय करायचं ते सांगतो.

हायड्रोमीटर नसेल तर आज आणा, दहा-पंधरा डॉलरची वस्तू आहे. आपल्याकडे दूध तपासायला लॅक्टोमीटर असतो ना, त्याचाच भाऊ. एअरलॉकमधले (गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झाकणावरची नळी) बुडबुडे मोजून काहीच कळत नाही, झाकणाला फट असेल तरी बुडबुडे बंद होतात आणि फर्मेंटेशन संपल्यावरसुद्धा हवामान बदललं की दोन-चार येतात. आकडा फक्त हायड्रोमीटरचा खरा. नमुना घ्यायच्या आधी त्यातला गॅस हलवून घालवा, नाहीतर बुडबुडे नळीला वर उचलतात आणि आकडा चुकतो.

आकडा १.०७१ च्या वर असेल, म्हणजे अल्कोहोल अजून ९ टक्क्यांच्या आत असेल, तर अजून खायला देता येतं. फर्मेड ओ नावाचं यीस्टचं खाद्य मिळतं, ते दोन ग्रॅम, थोड्या पाण्यात कालवून. पण थांबा, त्याच्या आधी भांडं हळूहळू गोल फिरवून आतला सगळा गॅस बाहेर काढा, दहा मिनिटं लागू देत. हे न करता पूड टाकलीत तर कोकमध्ये मेंटॉस टाकल्यासारखा कारंजा उडतो. माझ्या स्वयंपाकघराच्या छतावर एक पिवळट डाग आहे, घर घेतल्यानंतर दुसऱ्याच महिन्यातला, बायको पाहुण्यांना तो दाखवून माझी ओळख करून देते.

अल्कोहोल ९ टक्क्यांच्या पुढे गेलं असेल तर डीएपी (नायट्रोजन देणारं रासायनिक खाद्य) वगैरे अजिबात टाकू नका, त्या टप्प्यावर यीस्ट तो नायट्रोजन घेत नाही आणि तो तसाच राहून नको त्या जंतूंच्या कामी येतो. तेव्हा एकच युक्ती, घरातलं ब्रेडचं कोरडं यीस्ट एक चमचा, पाव कप पाण्यात पाचेक मिनिटं खळखळ उकळा, गार करा आणि ते घाला. मेलेल्या यीस्टचे सांगाडे जिवंत यीस्टला खायला मिळतात, वाचायला भयंकर वाटतं पण काम करतं.

पीएचच्या पट्ट्या असतील तर बघा, ३.२ च्या खाली असेल तर पोटॅशियम बायकार्बोनेट पाव टीस्पून घाला, हेही फसफसतं, तेव्हा भांड्यात जागा ठेवून. खायचा सोडा नको, त्याने मीड खारट होतं. आणि साखर जास्त आहे म्हणून जमल्यास मोठ्या भांड्यात काढून एक लिटर पाणी वाढवा, ग्रॅव्हिटी खाली येईल आणि यीस्टवरचा भार कमी होईल.

थंडाव्यासाठी फ्रिज नको, यीस्ट झोपेल. एका टबात चार बोटं पाणी, त्यात भांडं उभं करा, भांड्याला जुना सुती टीशर्ट ओला करून घाला, त्याचं टोक पाण्यात बुडालेलं राहू दे आणि समोर पंखा लावा. माठ कसा गार होतो, तेच. डॅलसच्या कोरड्या दिवसांत सहज चार-पाच अंश उतरतात, अजून हवं असेल तर पाण्याची गोठवलेली बाटली सकाळ-संध्याकाळ टबात सोडा.

यानंतर दोन-तीन दिवस रोज एकदा हलवून गॅस काढा. वास त्या गॅसबरोबरच जातो. आठवड्याने परत आकडा बघा.

आता पुढच्या वेळेचं. आणि इथे मी जरा लांबण लावणार, कारण मीडचं नव्वद टक्के काम पहिल्या आठवड्यात होतं, पुढचे आठ महिने तुम्ही नुसते वाट बघता, आणि लोक नेमकं उलटं करतात, पहिला आठवडा दुर्लक्ष आणि मग रोज झाकण उघडून चाखणं.

मध तीन पौंड घ्या, म्हणजे १.३६ किलो, आणि पाणी घालून एकूण एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर करा. सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.१०० ते १.१०५ येईल, पूर्ण उतरलं की १३ टक्के अल्कोहोल. गणित सोपं आहे, सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करा आणि १३१ ने गुणा. पहिल्या घाण्याला महागडा मध वाया घालवू नका, कॉस्टकोतला क्लोव्हरचा मोठा डबा चालतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जरूर बदला, मधाचा फरक मीडमध्ये फार कळतो, ऑरेंज ब्लॉसमचा मध घेतलात तर वर्षभराने बाटली उघडली तरी मोसंबीच्या फुलांचा वास येतो, बकव्हीटचा घेतलात तर काळसर, काकवीसारखं आणि थोडं गोठ्याच्या वासाचं होतं, मला आवडतं, घरात कुणालाच आवडत नाही. महाबळेश्वरचा जांभळाचा मध मी खाल्लाय, किंचित कडवट असतो, तो कोणी दिला तर मस्टमध्ये घालू नका, खा. फार तर शेवटी गोडवा वाढवायला दोन चमचे.

आणि मध तळाशी साखरेसारखा गोठला म्हणजे भेसळ असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं, तसं नाहीये, ग्लुकोज जास्त असलेला चांगला मधही गोठतो. कोमट पाण्यात बरणी ठेवा, सुटेल.

उकळू नका. मधात जगणारे जंतू मोजकेच, आणि उकळलं की जो फुलांचा वास घेण्यासाठी आपण एवढे पैसे मोजले तो वाफेबरोबर किचनच्या चिमणीतून जातो. पाणी कोमट, मध सुटेल इतकंच. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर स्प्रिंग वॉटरचा कॅन आणा, डिस्टिल्ड नको कारण त्यात क्षारच नसतात आणि मधात तसेही कमीच.

स्वच्छतेबद्दल आपल्या लोकांना मी जास्त सांगत नाही, ज्याच्या घरी आईने लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातल्यावर पाठीत धपाटा घातलाय त्याला हे कळतं. फक्त इथे उन्हात बरणी वाळवून भागत नाही, स्टार सॅन नावाचं जंतुनाशक मिळतं, एक लिटर पाण्याला दीड मिली, त्यात सगळं बुडवून काढा, मिनिटभर ओलं राहू द्या, परत धुवायचं नाही. फेस उरला तर उरू द्या.

भांडं पहिल्या महिन्यासाठी काचेची अरुंद तोंडाची बाटली नको, दोन गॅलनची फूडग्रेड बादली घ्या, झाकणाला एअरलॉकचं भोक असलेली. ढवळता येतं, फेस वर यायला जागा असते, फळं घातली तर काढता येतात. काचेची बाटली नंतर.

यीस्ट ७१बी घ्या. तेही १४ टक्क्यांपर्यंत जातं, पण उष्णता जास्त सहन करतं, थोडं फळासारखा वास देतं आणि मीड लवकर पिण्यासारखं होतं. ईसी-१११८ दणकट आहे, १८ टक्क्यांपर्यंत जातं, अडकलेलं फर्मेंटेशन सोडवायला उत्तम, पण पहिल्या घाण्याला ते सगळी साखर खाऊन मीड असं कोरडं करतं की तुम्ही विचाराल मध गेला कुठे.

आता विरजण. यीस्ट कोरडं भुरभुरलं तर चालतं असं पाकिटावर लिहिलेलं असतं आणि चालतंही, पण एवढ्या गोड पाण्यात कोरडं यीस्ट टाकलं की त्यातलं बरंचसं पाणी ओढताओढताच मरतं. पाच ग्रॅमच्या पाकिटाला सहा ग्रॅम गो-फर्म (यीस्ट भिजवताना द्यायचं खाद्य) सव्वाशे मिली पाण्यात कालवा, पाणी ४३ अंश, म्हणजे बोटाला चांगलं गरम लागेल पण बोट ठेवता येईल असं, ते ४० अंशांवर उतरलं की त्यात यीस्ट पसरा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. दुधावर साय धरावी तसा वर तपकिरी थर येतो. मग मस्टमधलं थोडं थोडं पाणी, चमचा चमचा, त्यात घालत दोघांचं तापमान जवळ आणा, दहा अंशांहून जास्त फरक नको, आणि मग ओता. दह्याला विरजण लावताना आपण दूध बोटाने बघतो ना, तेवढीच काळजी, जास्त नाही.

फरक इथे सुरू होतो. दह्याला विरजण लावलं की हलवायचं नाही, मीडला पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ दणकून ढवळायचं. यीस्टला वाढताना ऑक्सिजन लागतो, आणि आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढला की ते मोकळं होतं.

आणि जेवण हप्त्याहप्त्याने. एक गॅलनला, ७१बीसाठी, फर्मेड ओ एकूण चार ग्रॅम, चार सारखे भाग. २४ तासांनी एक ग्रॅम, ४८ तासांनी एक, ७२ तासांनी एक, आणि चौथा सातव्या दिवशी किंवा एक तृतीयांश साखर संपली की, यातलं जे आधी होईल तेव्हा. १.१०० पासून सुरुवात केली असेल तर एक तृतीयांश म्हणजे १.०६७. ही पद्धत टॉस्ना नावाने ओळखली जाते आणि ती इथल्या न्यू जर्सीच्याच एका मीडवाल्याने, सर्जियो मोतेलाने, बसवली, त्यामुळे मला उगाच गावचा अभिमान वाटतो. प्रत्येक वेळी आधी गॅस काढायचा, मग खाद्य. छतावरचा डाग आठवा. साधा चमचा वापरू नका, ग्रॅमचा छोटा काटा घ्या, अर्ध्या ग्रॅमने फरक पडतो. हे सगळं केलं की मीड तीन आठवड्यांत खाली उतरतं आणि अंड्याचा वास येतच नाही.

डीएपीबद्दल एक. आपल्यातले शेतकरी घरातले असाल तर डीएपी म्हटल्यावर खताची गोणी डोळ्यासमोर येते, आणि रासायनिक नाव खरंच तेच आहे, डायअमोनियम फॉस्फेट. मला एकाने गंभीरपणे विचारलं होतं की भारतातून चिमूटभर आणू का. खताचं नको, त्यात बाकी काय काय असतं ते पिकासाठी असतं, फूडग्रेडच हवं. युरिया तर अजिबात नाही, त्यापासून पुढे एथिल कार्बामेट तयार होतं आणि ते शरीराला वाईट.

तिसऱ्या दिवसानंतर जोराने ढवळणं बंद. आता हवा लागली तर चव पुठ्ठ्यासारखी होते. महिन्याभरात आकडा १.००० च्या जवळ आला आणि आठवड्याच्या अंतराने दोनदा तोच दिसला की संपलं समजा, मग तळाचा साका न हलवता सायफनच्या नळीने वरचं निवळ काचेच्या बाटलीत ओढून घ्या, मानेपर्यंत भरा, एअरलॉक लावा आणि अंधारात ठेवून द्या. मीड निवळायला वेळ लागतो. तुम्ही चार महिन्यांनी बघाल तर बाटलीमागचं वर्तमानपत्र वाचता येईल. नाहीच निवळलं तर बेंटोनाइट मातीची पूड मिळते.

तीन महिन्यांनी चाखलंत आणि औषधासारखं लागलं तर घाबरू नका, त्या वयात ते तसंच लागतं. सहा महिने, जमलं तर वर्ष.

गोड करायचं असेल तर मात्र नीट वाचा, कारण इथे लोक जखमी होतात. कोरड्या झालेल्या मीडमध्ये परत मध घातला की उरलेलं यीस्ट जागं होतं, बाटली बंद असेल तर गॅस कोंडतो आणि बाटली फुटते. मी २०१७ च्या जुलैत आंब्याचं मीड केलं, केसर पल्पचा डबा, रंग असा सुरेख की बघत राहावं, गोड करून बाटल्यांत भरलं आणि बेडरूमच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलं कारण तिथे अंधार होता. रात्री दोनला आवाज आला, मला वाटलं कोणी काच फोडून शिरतंय. दोन बाटल्या गेल्या होत्या, खालच्या फळीवर बायकोच्या पैठण्यांची बॅग. एक पैठणी वाचली, एक ड्रायक्लीनिंगला तीनदा जाऊनही पदरावर चिकट, आणि पुढचा आठवडाभर त्या कपाटात मुंग्यांची रांग. त्यामुळे आधी पूर्ण निवळू द्या, मग साक्यावरून काढून एक कॅम्पडेन गोळी (सल्फाइटची, जंतूंना रोखणारी) कुटून आणि अर्धा टीस्पून पोटॅशियम सॉर्बेट एका गॅलनला, दोन्ही, चोवीस तास थांबा, मग मध. नुसतं सॉर्बेट घातलं आणि कॅम्पडेन नाही तर काही जंतू सॉर्बेट खाऊन जिरेनियमच्या पानांसारखा वास करतात आणि तो परत जात नाही. साधारण १३० ग्रॅम मधाने एक गॅलनची ग्रॅव्हिटी १.००० वरून १.०१० वर जाते, बहुतेकांना तेवढंच आवडतं. सॉर्बेट चालू फर्मेंटेशन थांबवत नाही हेही लक्षात ठेवा, ते फक्त संपलेलं परत सुरू होऊ देत नाही.

मसाले आणि फळं हा वेगळा विषय आहे, पण तुम्ही कोकमाचं विचारलंय म्हणून. होतं, आणि झकास होतं, लाल माणकासारखा रंग आणि शेवटी जिभेवर सोलकढीची आठवण. फर्मेंटेशन संपल्यावर, दुसऱ्या बाटलीत, गॅलनला ४०-५० ग्रॅम आमसुलं, दहा-बारा दिवस, रोज चाखून. वर लिंबाबद्दल जे सांगितलं ते आठवा, आंबट शेवटी, कोकम तर खूपच आंबट. पण आमसुलं आधी जिभेवर ठेवून बघा, मिठाची आहेत का. ओक ट्री रोडवरून, म्हणजे इथल्या देशी बाजारातून, आणलेली आमसुलं मी एकदा न चाखता टाकली आणि एक गॅलन खारट मीड झालं, प्यायला नाही पण त्याचं सार करता आलं असतं असं आईचं मत पडलं. लवंग एका गॅलनला एक, फार तर दोन. सहा टाकल्या तर ग्लास तोंडाजवळ नेला की दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं. फळं ताज्यापेक्षा फ्रोझन बरी, गोठल्याने पेशी फुटतात आणि रस सुटतो, आमच्याकडे हॅमन्टनच्या ब्लूबेरीचं मी दरवर्षी करतो, गॅलनला दोन-तीन पौंड. फळं घातली तर पेक्टिक एन्झाइम (फळांतलं पेक्टिन फोडणारं) आठवणीने, नाहीतर मीड कायमचं गढूळ.

तुमच्या सासूबाईंनी विचारलंय की घरी केलेल्या दारूने माणूस आंधळा होतो का. प्रश्न हसण्यासारखा नाही, २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर लोक गेले ते आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. पण ते मिथेनॉल मिसळलेल्या गावठीचं होतं, मध फर्मेंट करून एवढं मिथेनॉल तयार होत नाही, वाइनइतकंसुद्धा नाही कारण मिथेनॉल फळांच्या पेक्टिनमधून येतं आणि मधात ते जवळपास नसतं. फक्त एक, ऊर्ध्वपातन करायचं नाही, म्हणजे उकळून अर्क काढायचा नाही, ते अमेरिकेत परवान्याशिवाय घरी करणं गुन्हा आहे. मीड, वाइन, बिअर मात्र १९७८ च्या कायद्याने घरी करता येतं, घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायचं मात्र नाही, मित्राला पन्नास डॉलरलाही नाही.

आणि हे वाचून पुण्या-नाशिकचं कोणी बादली आणायला निघालं असेल तर थांबा, महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी एक लिटरसुद्धा करता येत नाही, स्वतःसाठी असलं तरी. तिथे आता पुण्याचं मूनशाइन आणि नाशिकचं सेराना यांची मीड रीतसर मिळते, ती चाखा. तसं बघायला गेलं तर मीड हा शब्द आपल्या मधाचाच सख्खा भाऊ, संस्कृत मधु आणि इंग्रजी मीड एकाच मुळातून आलेत, त्यामुळे आई जेव्हा त्याला "तुझं ते मधाचं पाणी" म्हणते तेव्हा भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती माझ्यापेक्षा बरोबर असते.

तर आज संध्याकाळी हायड्रोमीटर आणा, गॅस काढून आकडा घ्या, खोलीचं नाही तर भांड्याच्या आतलं तापमान बघा, आणि दोन्ही इथेच लिहा. आकडा १.०९० च्या वर असेल तर नवीन यीस्ट लावायचं की नाही ते मग ठरवू.